थांबा, पडताळून पाहूं

आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त दिल्लीस असतात. गणेशचतुर्थीस ते विमानानें घरीं यावयाचे होते. आदल्या रात्रीं पंगत बसली असतां वहिनींनीं वाढतां वाढतां विचारलें, "भाऊजी, विमान उडतें न उडतें तोंच त्याचें एक इंजिन बंद पडलें, तर हो?" अशा प्रश्नास 'अभद्र बोलूं नये' एवढेंच उत्तर देण्याची आपल्या घरांतून चाल आहे. पण प्रश्न रास्त होता. आणि रास्त प्रश्नास उत्तर देण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांना गप्प बसवेना. आम्हीं जें सांगितलें, तें वाचकांसही उपयोगी पडेल असें वाटतें.

दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाची रचनाच अशी असते कीं, एक बंद पडल्यास दुसऱ्याच्या बळावर त्यास वर चढतां यावें. प्रत्येक उड्डाणापूर्वीं विमानाचें वजन, धावपट्टीची लांबी व हवामान पाहून एक निर्णायक वेग ठरविला जातो. त्याच्या आंत बिघाड झाला तर विमान थांबवावयाचें. तो ओलांडल्यावर झाला तर उडावयाचेंच. एक इंजिन गेलें कीं विमानाचें नाक त्या मेलेल्या बाजूकडे वळूं लागतें. वैमानिक उलट बाजूचा पाय दाबून तें सरळ ठेवितो. यावरून खूणही मिळते: जो पाय रिकामा, त्या बाजूचें इंजिन मेलें. सामान्यतः ४०० फूट उंची गांठीपर्यंत विमान सरळ ठेवणें, वेग राखणें व चाकें आंत घेणें, एवढेंच काम. नंतर बिघडलेल्या इंजिनाची दांडी मागें घ्यावयाची. पण तीही एकट्यानें नव्हे. एकानें दांडीवर हात ठेवून 'हीच का?' म्हणावें, दुसऱ्यानें पाहून 'हीच' म्हणावें, मगच ती हलवावी.

एवढी सावधगिरी कशास, असें कोणी म्हणेल. ता. ४ फेब्रुवारी २०१५ रोजीं तैवानांत तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशिया कंपनीचें एक विमान किनमेन बेटाकडे निघालें. आंत ५८ माणसें होतीं. तें सुमारें १२०० फूट उंचीवर असतां उजव्या पंख्याच्या स्वयंचलित यंत्रणेंतील डाखाचा एक जोड सदोष असल्यामुळें त्या पंख्याचीं पातीं आपोआप फिरून त्याचा जोर नाहींसा झाला. डावें इंजिन धडधाकट होतें. तेवढ्यावर विमान परत येऊं शकलें असतें. परंतु मुख्य वैमानिकानें डाव्या इंजिनाची दांडी मागें घेत असल्याचें सांगितलें. शेजारचा वैमानिक तत्क्षणीं म्हणाला, 'जरा थांबा, पडताळून पाहूं.' तें म्हणणें वायां गेलें. पुढें तें चांगलें इंजिनच बंद करण्यांत आलें. चूक उमगली, तेव्हां वेळ उरली नव्हती. पहिल्या सूचनेपासून सुमारें दोन मिनिटांत विमानाचा पंख एका उंच रस्त्यास घासला आणि तें किलुंग नदींत कोसळलें. ४३ माणसें दगावलीं.

हा वृत्तान्त वाचल्यापासून आमच्याच आयुष्यांतील एक प्रसंग आम्हांस सारखा आठवतो. एकदां आम्ही फळ्यावर सुभाषित लिहीत असतां मागून खडूचा तुकडा पाठीवर आदळला. वळून पाहतों, तों डाव्या हातच्या बांकावरील एक खोडकर मुलगा हंसत होता. आम्हीं छडी उचलली. वर्गाचा मॉनिटर उभा राहून म्हणाला, "गुरुजी, थांबा." आम्हीं त्यासच दरडावून खालीं बसविलें. मधल्या सुटींत खरा अपराधी स्वतः रडत आला. दुसरे दिवशीं सर्व वर्गासमोर आम्हीं मार खाल्लेल्या मुलाची क्षमा मागितली. पण त्या वर्षीं त्यानें आमच्या तासास पुन्हां कधीं हात वर केला नाहीं. डोळे आम्हांलाही होते व त्या मॉनिटरलाही होते. आमच्या डोळ्यांवर मात्र अधिकाराची व संतापाची झांपड होती.

घरांतही दांडी बहुधा वडील माणसांच्याच हातीं असते. पैसे नाहींसे होतात, आणि मोलकरणीवर आळ येतो. मुलास ताप चढतो, आणि घाईनें हातीं येईल ती बाटली ओतली जाते. अशा वेळीं धाकटी सून किंवा दहा वर्षांचा नातूही 'थांबा' म्हणूं शकतो काय, आणि तो म्हणाला तर आपला हात थांबतो काय, हें प्रत्येक घरानें स्वतःस विचारावें. धाकट्यांस बोलण्याची मुभा देणें हें अर्धें काम. ऐकून हात आंवरणें हें उरलेलें अर्धें, आणि तेंच अवघड.

वहिनींना आम्हीं शेवटीं सांगितलें कीं, भय एका इंजिनाचें फारसें नाहीं, घाईचें आहे. त्यांनीं तें ऐकून घेतलें; परंतु दुसरे दिवशीं चिरंजीव दारांत दिसेपर्यंत त्या देवघरांतून हालल्या नाहींत.