पत्ता : फुटपाथ, भायखळा

आपल्या भागात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मराठीत ‘तुमचं गाव कोणतं?’ आणि कन्नडमध्ये ‘निम्म ऊरु यावुदु?’ दोन्ही भाषांत प्रश्न आपुलकीचाच. गाव कळलं की त्या गावात आपली कोण मावशी दिली आहे, कोणाच्या सोयरिकीची बोलणी तिथे चालली आहेत, हे आपोआप निघतं आणि तोवर चहा येतो. हाच प्रश्न मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या माणसाला एखाद्या सरकारी माणसाने विचारला, तर मात्र त्याच्या पोटात गोळा येतो. तिथे त्याचा अर्थ ‘परत कधी जाताय?’ असा असतो.

१९८१ च्या जुलैमध्ये ही भीती खरी ठरली. ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवून दिलं जाईल. पाडापाडी सुरू झाली, लोकांना बसमध्ये बसवून शहराबाहेर नेलं गेलं. ओल्गा टेलिस या पत्रकार, नागरी हक्कांच्या संघटना आणि खुद्द फुटपाथवर राहणारे काही जण कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल १० जुलै १९८५ रोजी आला. तो लिहिला होता सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, निवृत्तीच्या अगदी आदल्या दिवशी.

हा खटला आम्ही वर्गात शिकवतो. मुलं उत्तरपत्रिकेत न चुकता लिहितात की या निकालाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. बरोबर आहे, पूर्ण गुण. पण त्याच निकालाची दुसरी बाजू फारसं कोणी लिहीत नाही. न्यायालयाने हेही म्हटलं की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी असतो, तिथे घर बांधून राहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि महापालिकेला ती बांधकामं काढता येतील. फक्त एरवी नोटीस द्यावी, आणि या वेळी ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत थांबावं. जगण्याचा हक्क मिळाला, जगायची जागा गेली. वकील लोक त्यातला पहिला भाग उद्धृत करतात. भायखळ्याच्या बायकांना दुसऱ्या भागाशी झुंजायचं होतं.

मला आज लिहायचं आहे ते या बायकांविषयी. कोर्टात जे मिळालं नाही ते त्यांनी वॉर्ड ऑफिस, रेशनिंग ऑफिस आणि पोलीस ठाणं यांच्याशी बोलणी करून कसं मिळवलं, त्याविषयी.

शीला पटेल आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘स्पार्क’ नावाची संस्था सुरू केली. तिला पहिली जागा मिळाली ती भायखळ्याच्या एका म्युनिसिपल दवाखान्याच्या आवारातलं गॅरेज. म्हणजे ज्या महापालिकेची गाडी झोपड्या पाडायला यायची, तिच्याच आवारात झोपड्यांतल्या बायका बसून पुढचा विचार करायच्या. मला यात विसंगती वाटत नाही. महापालिका हा एक माणूस नसतो. दवाखान्याचं खातं वेगळं, पाडापाडीचं वेगळं, पाण्याचं आणखी वेगळं, आणि एका खात्याचं दुसऱ्याला कळत नाही हा आपला रोजचा अनुभव. त्रास सगळ्यांनाच होतो, पण कधी कधी त्याच फटीतून वाट निघते.

निकाल आला त्याच वर्षी संस्थेने लोकांना बरोबर घेऊन फुटपाथवरच्या घरांची मोजणी केली. सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० माणसं. अहवालाला नाव दिलं ‘आम्ही, अदृश्य’ अशा अर्थाचं. फुटपाथवरची माणसं म्हणजे काल गाडीतून उतरलेली, भीक मागणारी, गुन्हे करणारी, असा शहराचा ठाम समज होता. मोजणीत दिसलं की अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच जागी आहेत, मुलं तिथेच जन्मली आहेत. घरकाम, हमाली, फेरी, मिळेल ती मजुरी करून ती जगतात आणि बहुतेक जण कामावर पायी जातात. त्यांचं फुटपाथवर राहणं समजून घ्यायला हे ‘पायी’ पुरेसं आहे. दूर स्वस्त जागा मिळाली तरी रोजचं गाडीभाडं मजुरीत बसत नाही.

१९८६ मध्ये या बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. पहिला प्रश्न रेशनकार्डाचा. कार्डाला पत्ता लागतो, आणि पत्ता नाही म्हणून कार्ड नाही. कार्ड नाही म्हणून धान्य नाही, आणि वर्षानुवर्षं इथे राहतोय याचा पुरावाही नाही. बायका नियम समजून घेऊन, अर्ज भरायला शिकून, घोळक्याने रेशनिंग ऑफिसात जाऊ लागल्या. एकट्या बाईला टेबलापासून परत पाठवणं सोपं असतं. पंधरा जणी शांतपणे उभ्या राहिल्या की साहेबाला मान वर करावीच लागते. पोलीस ठाण्यातही अशाच जाऊन बसू लागल्या. काही घडलं नसतानाच, ओळख असावी म्हणून.

बचतही सुरू झाली. रोज झोपडीझोपडीत जाऊन एक-दोन रुपये गोळा करायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसाठी रंगीत कागदांचे चौकोन होते, एकेका रंगाची एकेक किंमत, आणि प्रत्येकीची पिशवी. आपल्याकडच्या भिशीच्या वहीपेक्षा हा हिशेब मला जास्त चोख वाटतो.

पण यातली सगळ्यात बोलकी गोष्ट पाडापाडीची. गाडी यायची, ताडपत्री, बांबू, भांडी उचलून न्यायची. बायका ओरडायच्या, पोलीस काठी उगारायचे. संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी, उसने पैसे काढून, त्याच जागी पुन्हा बांबू उभे राहायचे. महापालिकेचा खर्च व्हायचा, बायकांचं नुकसान व्हायचं आणि फुटपाथ होता तसाच. तेव्हा बायकांनी वॉर्डातल्या अधिकाऱ्यांपुढे प्रस्ताव ठेवला. तुम्ही कधी येणार ते सांगा, आम्ही आमच्या हाताने झोपड्या उतरवतो, जागा झाडून देतो. फुटपाथ मोकळा केला असं तुम्ही रजिस्टरात लिहा, पण आमचं सामान न्यायचं नाही आणि अंगाला हात लावायचा नाही.

कोणी याला ढोंग म्हणेल. कारण गाडी गेल्यावर झोपड्या पुन्हा उभ्या राहणार हे अधिकाऱ्याला ठाऊक होतं आणि बायकांनाही. माझ्या मते तो शुद्ध व्यवहार होता. अधिकाऱ्याला वरून हुकूम, त्याला कागद रंगवायचा आहे. बाईला तिची ताडपत्री वाचवायची आहे. दोघांची अडचण दोघांना कळली आणि तेवढ्यापुरता करार झाला. या कराराने घर मिळालं नाही, पण दर वेळी नवी भांडी घेण्याचे पैसे बचतीत गेले. आणखी एक झालं. ज्या माणसाला पाहून पळायचं त्याच्याशी बसून बोलायची सवय लागली. पुढच्या पंधरा वर्षांत जे घडलं ते याच सवयीतून.

१९८७ मध्ये या बायकांनी भायखळ्यातच आपल्या स्वप्नातल्या घरांचं प्रदर्शन भरवलं, खऱ्या मापाची नमुना घरं उभारून. मापं घ्यायला टेप कुठली, अंगावरची साडी होती! साडी किती लांब ते प्रत्येकीला ठाऊक. छत चौदा फूट हवं असं ठरलं, म्हणजे माळा टाकता येतो आणि खालीवर दोन्हीकडे झोपता येतं. हे कुठल्याही आर्किटेक्टला सुचलं असतं म्हणा. पण दहा बाय दहात सात माणसं निजवण्याचा अनुभव त्याच्याजवळ नसतो.

या कामाला जोड मिळाली ती जॉकिन अर्पुथम यांची. कर्नाटकातल्या वाचकांना सांगायला हवं की हा माणूस आपल्या राज्यातला, कोलार गोल्ड फील्ड्सचा. तरुणपणी मुंबईत आले आणि मानखुर्दच्या जनता कॉलनीत राहू लागले. तिथला कचरा उचलायला कोणी येत नसे. ते स्वतः सांगत असत त्याप्रमाणे, त्यांनी वस्तीतल्या तीनेक हजार मुलांना सहलीला नेतो म्हणून जमवलं, प्रत्येकाच्या हातात किलोभर कचऱ्याचं पुडकं दिलं आणि सगळं नेऊन महापालिकेच्या ऑफिससमोर टाकलं. अशा गमती करणारा माणूस पुढे अधिकाऱ्यांबरोबर नकाशे पसरून बसू लागला. आणीबाणीत, १९७६ मध्ये, जनता कॉलनी उठवली गेली. मोर्चे आणि कोर्ट दोन्ही करूनही ती वाचली नव्हती. नुसत्या संघर्षाने भागत नाही हे त्यांनी तिथेच अनुभवलं असावं. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले.

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या धोरणात फुटपाथवर राहणारेही पहिल्यांदा पुनर्वसनाला पात्र ठरले. पुरावा काय, तर जुनी रेशनकार्डं आणि त्या मोजण्यांचे कागद. त्यानंतर काही कुटुंबं मानखुर्द-गोवंडीकडे स्वतःच्या घरात गेली. रेल्वे रुळांलगतच्या वस्त्यांचं काम याहून मोठं. फेब्रुवारी २००० मध्ये रेल्वेने हार्बर मार्गावर दोन हजारांहून जास्त झोपड्या पाडल्या, मग हाहाकार आणि मग बोलणी. वस्त्यांच्या स्वतःच्या मोजण्या हाताशी होत्या म्हणून पुढच्या वर्ष-दोन वर्षांत सुमारे ६०,००० माणसं बळजबरीशिवाय हलली. पुण्यात २००३ च्या सुमारास पोलीस आयुक्त अ. ना. रॉय यांच्या काळात वस्तीत पोलीस पंचायती निघाल्या, सात बायका, तीन पुरुष आणि बीटचा पोलीस. पुढे ती पद्धत मुंबईतही गेली. नवरा दारू पिऊन मारतो, नळावर भांडण झालं, अशा तक्रारी तिथेच मिटू लागल्या.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मानखुर्दहून भायखळ्याला धुण्याभांड्याला येणं किती जणींना जमलं असेल? पुनर्वसनाच्या कित्येक इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या अशा वसाहतींत क्षयरोग का फैलावतो याचा अभ्यास २०१८ मध्ये झाला. लिफ्टचं बिल, पाण्याच्या पंपाचं बिल हे फुटपाथवर नव्हतं. शिवाय टीकाकारांचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. मोजणी करायची, यादी लावायची, जागा साफ करायची, भांडणं मिटवायची, ही सरकारची कामं गरीब बायकांनी फुकट का करावीत? आपण आपल्या नगरात रस्ता झाडायला जातो का? याला महिला मिलनच्या कामातून एकच उत्तर मिळतं. यादी आपल्या हातात असली की नाव गाळताना समोरच्याला आपल्याशी बोलावं लागतं. उत्तर पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

आता आपल्याकडे. बसस्थानकाच्या मागे, रेल्वे पुलाखाली, देवळांच्या बाहेर रात्री झोपणारी माणसं आपण पाहतो. कोणी रायचूर-कलबुर्गीकडचं, कोणी सोलापूर-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातलं. मुलं दोन्ही भाषा बोलतात, आपल्या मुलांपेक्षा सफाईने. सीमेचा वाद त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. दोन्ही राज्यांच्या याद्यांत नाव नाही म्हटल्यावर कोणत्या बाजूने भांडणार? दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत, डिसेंबर २००९ मध्ये, महापालिकेने एक तात्पुरता रात्र-निवारा पाडला आणि उघड्यावर पडलेल्यांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये देशभरासाठी ठरवून दिलं की शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पाच लाखांच्या आसपास होतं. म्हणजे पाच. आपल्या वॉर्डाच्या माणसाला सहज विचारून पाहा, त्याला त्यांतला एखादा दाखवता येतो का.

आणि निवडणूक आयोगाचा एक नियम मुद्दाम सांगतो, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो. बेघर माणसाला मतदारयादीत नाव घालण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. तो जिथे झोपतो ती जागा अर्जात लिहायची, आणि बीएलओने तिथे रात्री जाऊन, तेही एकापेक्षा अधिक रात्री, तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं. आपल्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी बीएलओचं काम केलेलं आहे. अशी रात्रीची फेरी कोणी मारली असेल तर, कन्नडमध्ये किंवा मराठीत, दोन ओळी या पत्त्यावर अवश्य पाठवाव्यात.