लिलिथ फितूर नाही!

ऑक्टेव्हिया बटलरच्या 'डॉन' (१९८७) कादंबरीतल्या लिलिथला फितूर म्हणणाऱ्यांचा मला जाम राग येतो. अणुयुद्धातून वाचलेली माणसं ओआंकाली या परग्रहवासीयांच्या यानात कैद आहेत. त्यातल्या ४० जणांना जागं करून तयार करायचं काम लिलिथच्या गळ्यात मारलंय. यानाच्या भिंती उघडायची शक्ती तिला दिलीये, म्हणून लोक तिला माणूसच मानेनात. तिच्या जोडीदाराचा, जोसेफचा, खूनही माणूसच करतो. तरी ती सांगत राहते: इथे सगळं शिकून घ्या, पृथ्वीवर पोचलात की सटका. ही फितुरी?

'पण ओआंकालींनी जीव तर वाचवला ना!' अहो, शेवटी तिला न विचारताच गर्भार केलं त्यांनी. जिथे नकार द्यायची सोय नाही, तिथल्या होकाराला काय अर्थ? शिव्या घालायच्याच तर कुलूप लावणाऱ्याला घाला राव. किल्ली सांभाळायला लावलेल्या कैद्याला कशाला?