रीलमध्ये गायब झालेला स्क्रॅच गाडीवर परत का येतो?

इन्स्टाग्रामवर एकदा 'कार स्क्रॅच' सर्च करून बघा, पुढचे चार दिवस फीडमध्ये तेच दिसेल. एक हात, एक फडकं, एक बाटली आणि दहा सेकंदांत गायब झालेली रेघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. त्यानंतर तुमच्या दारात पहिलीच गाडी उभी राहिली असेल, तर पार्किंगमधला पहिला ओरखडाही फार लांब नाही. आणि तो पडला की बोट आपोआप त्या बाटलीच्या 'बाय नाऊ'वर जाणार.

थांबा. आधी ती रील काय करते ते समजून घ्या.

बाथरूमच्या धुरकट काचेची खरखरीत बाजू ओली झाली की तिच्यातून आरपार दिसायला लागतं, हे बघितलंय ना? खरखरीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो म्हणून काच पांढरी दिसते. खाचांमध्ये पाणी भरलं की विखुरणं कमी होतं. स्क्रॅचचंही तेच. तेल, सिलिकॉनवाला पॉलिश किंवा मेण त्या खाचेत भरलं की कॅमेऱ्याला रेघ दिसत नाही. व्हिडिओ तिथेच कट होतो. तीन-चार वेळा गाडी धुतली की भरलेलं निघून जातं आणि रेघ जिथल्या तिथे. म्हणजे व्हिडिओ खोटा असेलच असं नाही, फक्त पुढचा महिना त्यात नसतो.

टूथपेस्टचा किस्सा थोडा वेगळा. तिच्यात बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी वरवरचे ओरखडे खरंच कमी दिसतात. पण ती घासते कशाला, हे महत्त्वाचं. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंगाला तोच वाचवतो. घासणं म्हणजे तो थोडा थोडा कमी करणं, आणि एकदा गेलेला तो परत येत नाही. त्यासाठी बनवलेला रबिंग कंपाउंड मिळत असताना दात घासायची पेस्ट कशाला वापरायची, हे मला तरी कळत नाही.

मग ठरवायचं कसं? गाडी धुऊन कोरडी करा आणि रेघेवरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर मामला क्लिअर कोटपुरता आहे, कंपाउंड आणि मायक्रोफायबर कापड पुरे. नख अडकलं तर खाच खोल आहे, पॉलिशने ती जाणार नाही. आत राखाडी प्रायमर किंवा चकचकीत पत्रा दिसतोय का, हे मोबाइलच्या टॉर्चच्या तिरक्या उजेडात मॅक्रो मोडने फोटो काढून बघा. पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात खारी हवा गंजाचं काम आणखी सोपं करते.

छोट्या खोल टिपक्यासाठी टच-अप पेन. रंग 'व्हाइट' म्हणून मागू नका, एकाच कंपनीत दोन-तीन पांढरे असतात. कलर कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर सापडतो. टूथपिकच्या टोकाने फक्त खाचेत पातळ थर द्या, सुकू द्या, पुन्हा द्या. बाटलीसोबतच्या ब्रशने फासलात तर ओरखड्यापेक्षा डाग मोठा. मेटॅलिक आणि पर्ल रंगात चमकीचे कण हाताने नीट बसत नाहीत, त्यामुळे जवळून फरक दिसणारच. गंज थांबला, हेच यश माना.

"इन्शुरन्स आहे ना, क्लेम टाक!" घरात कुणीतरी म्हणणारच. इथे जरा हिशोब करू. समजा एका दाराच्या पेंटिंगचं बिल ४,००० रुपये. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये तुम्हीच भरायचे असतात. झिरो डेप नसेल तर पेंटच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात, आणि बिलात मटेरियल वेगळं दाखवलं नसेल तर ते एकूण पेंटिंग खर्चाच्या २५ टक्के धरतात. म्हणजे अजून ५०० गेले. हातात आले २,५००.

आता दुसरी बाजू. ओन डॅमेज प्रीमियम ८,००० असेल आणि तुम्ही ५० टक्के नो क्लेम बोनसवर असाल, तर तो बोनस पुढच्या रिन्यूअलला शून्य होतो. तिथे ४,००० जादा. त्याच्या पुढच्या वर्षी बोनस २० टक्क्यांपासून सुरू, म्हणजे आणखी २,४००. अडीच हजारांसाठी दोन वर्षांत ६,४००! एनसीबी प्रोटेक्ट घेतलं असेल तर गणित बदलतं, म्हणून क्लेमच्या आधी पॉलिसीची पीडीएफ उघडाच.

सगळं दारच रंगवून घेण्यात अजून एक गोची आहे. जुनी गाडी विकताना तपासणीला येणारा माणूस पेंटची जाडी मोजायचं मीटर लावतो. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेला पॅनल त्याहून बराच जाड. आकडा वाढला की "ठोकली होती का?" हा प्रश्न येतो आणि भाव खाली. टूथपिकने भरलेला टिपका दिसला तरी बाकीचं दार कारखान्याचंच राहतं. अर्थात हातभर लांब खोल रेघ असेल किंवा पत्रा चेपला असेल तर घरचे प्रयोग नकोत, सरळ पेंटरकडे न्या.

बंपरचा ओरखडा मात्र निवांत घ्या. बहुतेक गाड्यांचा बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो गंजत नाही. अशी एक-दोन खरचटणी जमू द्या, मग एकदाच रंगवून घ्या.