इशारा : कोयते निघायच्या आत करार गावापुढे ठेवा

आष्टी तालुक्यात पवनचक्की आणि सौर प्रकल्पांसाठी जमिनी धुंडाळणाऱ्या कंपन्या, त्यांचे एजंट आणि तहसील प्रशासन यांना आम्ही शेतकरी हा जाहीर इशारा देत आहोत.

परदेशी माणसाला आपल्या देशात शेतजमीन विकत घेता येत नाही. अपारंपरिक विजेत मात्र 100 टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा आहे. त्यामुळे पैसा कुठल्या देशातून आला, हे सही करणाऱ्याला कळतच नाही. त्याला दिसतो ओळखीचा एजंट, हातावर टेकवलेला विसार आणि इंग्रजीतला करार.

परक्या पैशाचा हा खेळ जगाने पाहिला आहे. 2008 साली मादागास्करमध्ये 13 लाख हेक्टर जमीन 99 वर्षांसाठी दक्षिण कोरियाच्या देवू लॉजिस्टिक्सला देण्याचे घाटत होते. कसणाऱ्यांना कुणी विचारले नव्हते. लोक भडकले, 2009 मध्ये सरकार गेले, नव्या सत्तेने व्यवहार रद्द केला. इथिओपियातल्या गांबेलात लाखभर हेक्टर घेणारी करुतुरी कंपनी तर आपल्याच बेंगळुरूची. ठरल्यातला थोडाच तुकडा तिने कसला.

आमच्याकडे धोका वेळेचा आहे. दसरा झाला की कोयते, म्हणजे आमची ऊसतोड जोडपी, कारखान्यांकडे निघतात आणि गावे निम्मी रिकामी होतात. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला 15 दिवस मिळतात, आणि नोटीस चावडीवर लागते तेव्हा खातेदार सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात ऊस तोडत असतो. सामाईक गटात एका भावाची सही घेऊन उरलेल्यांना गप्प बसवण्याचे धंदे आम्ही चालू देणार नाही.

दुसरा धोका खंडणीचा. आपल्याच जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 रोजी खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या 2 कोटींच्या खंडणीशी त्याचा संबंध असल्याचे आरोपपत्र सांगते. आष्टीत अशी खंडणीखोर टोळी उभी करू पाहणाऱ्यांनीही हा इशारा आपल्यालाच आहे असे समजावे.

दसऱ्याच्या आत प्रत्येक करार मराठीत ग्रामसभेत वाचा. कंपनीमागचे भांडवल कुणाचे, ते सांगा. सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारच हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ देते. त्याखालचा भाव आम्ही ऐकून घेणार नाही. कोयते परत येईपर्यंत नवी सही, नवा अंगठा, नवा फेरफार नको.

हे झाले नाही, तर ऊसतोडीची आगाऊ उचल अंगावर असली तरी आमचे कोयते कारखान्याची वाट धरणार नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते बायकापोरांसह तहसीलच्या दारात बसतील, आणि एकही क्रेन आष्टीच्या शिवारात शिरू दिली जाणार नाही.