ड्रॉपआउट नीट, तर ब्रेक फिट!

सिंगल स्पीड सायकलचा फंडा एकदम सिंपल. पुढे एक चेनव्हील, मागे एक फ्रीव्हील, मध्ये चेन. गिअरची कटकट नाही, केबल्सचं जंजाळ नाही. सकाळी ऑफिस, संध्याकाळी कट्टा, वीकएन्डला शहराबाहेरचा कच्चा रस्ता, सगळीकडे एकच गाडी. त्यात आपला पावसाळा. रिम ओली झाली की रबरी ब्रेक पकडायला वेळ घेतात, म्हणून डिस्क ब्रेक हवाच. इथवर सगळं झक्कास! पण सिंगल स्पीड आणि डिस्क हे जोडपं दिसतं कूल, त्यांचं जमणं मात्र तितकं सोपं नाही. आणि भांडणाचं मूळ असतं ड्रॉपआउट.

हा ड्रॉपआउट कॉलेजातला नव्हे हं. फ्रेमच्या मागच्या टोकाला ज्या खाचेत चाकाचा अॅक्सल बसतो, ती खाच म्हणजे ड्रॉपआउट. गिअरच्या सायकलला ती खाली उघडते. नट सैल केला की चाक टपकन खाली. चेन थोडी सैल असली तरी गिअरचा डिरेलर ती ताणून धरतो. सिंगल स्पीडला डिरेलरच नाही. मग चेन ताणायची कशी? तर चाकच मागे सरकवून. म्हणून इथे खाच आडवी आणि लांब असते, बहुतेक वेळा मागच्या बाजूला उघडणारी. आपल्या जुन्या काळ्या सायकली आठवा. अमेरिकेतले दिवंगत सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन तर या मागे उघडणाऱ्या खाचेला ड्रॉपआउट म्हणायलाच तयार नसत. चाक खाली पडतच नाही, तर ‘ड्रॉप’ कसला?

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. चेनचा एक दुवा अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. आतला-बाहेरचा जोडदुवा काढला की चेन 25.4 मिलिमीटरने लहान होते आणि चाक त्याच्या निम्मं, म्हणजे 12.7 मिलिमीटर पुढे येतं. फ्रीव्हीलचा एक दात कमी-जास्त केला, तर चाक सुमारे 3 मिलिमीटर सरकतं. शिवाय चेन झिजून लांबते, ते वेगळंच.

रिम ब्रेकला या 3 मिलिमीटरचं फारसं काही वाटत नाही. डिस्कला वाटतं. कारण कॅलिपर, म्हणजे पॅडचा चिमटा, फ्रेमवर पक्का बसवलेला आणि डिस्क मात्र चाकाबरोबर फिरायला निघालेली! कॅलिपर अॅक्सलच्या मागे असेल, तर चाक मागे गेल्यावर डिस्कची कड त्याच्या पोटात घुसते. पुढे असेल, तर पॅडचा काही भाग डिस्कच्या बाहेर लोंबकळतो. पॅड वेडेवाकडे झिजतात, आवाज येतो, आणि सिग्नलला बस समोर थांबते तेव्हा ब्रेक अर्ध्या ताकदीने लागतो. इथे विषय स्टाइलचा राहत नाही.

मोटरसायकलवाल्यांनी हे केव्हाच ओळखलंय. मागे डिस्क असलेली बाइक गॅरेजात चेन टाइट करायला नेलीत, तर नीट बघा. बहुतेक गाड्यांवर कॅलिपरची ब्रॅकेट अॅक्सलवरच अडकवलेली असते. चाक सरकलं की कॅलिपरही सोबत सरकतो.

सायकलच्या फ्रेममध्ये यावर मुख्य उपाय तीन. पहिला, आडवी खाच तशीच ठेवायची आणि चेन ताणली की दर वेळी कॅलिपर हाताने पुन्हा जुळवायचा. अमेरिकेतल्या सर्ली कंपनीची 2002 सालची कराटे मंकी ही याच आडव्या खाचेची, डिस्क लावता येणारी गाजलेली स्टील फ्रेम. चेनच्या ओढीने चाक पुढे सरकू नये म्हणून सर्लीने टगनट नावाचा ताण-स्क्रू काढला. त्यालाच बाटलीचा ओपनर जोडलेला आहे. बोला!

दुसरा उपाय, पेडलची बेअरिंग ज्या नळीत बसते तिथे तिरकं केंद्र असलेला गोळा बसवायचा. तो फिरवला की पेडलच पुढे-मागे होतात. चाक आणि ब्रेक जागचे हलत नाहीत. पण नीट ग्रीस केला नाही, तर हा गोळा करकरतो जाम!

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो: सरकता ड्रॉपआउट. खाच आणि कॅलिपर एकाच धातूच्या पट्टीवर, आणि ती पट्टीच फ्रेमवर सरकते. कॅलिफोर्नियातल्या पॅरागॉन मशीन वर्क्सच्या अशा पट्ट्या अनेक फ्रेम-कारागीर वापरतात. पंक्चर झालं तर चाक सरळ खाली निघतं, ब्रेक आणि चेनचा ताण दोन्ही जसेच्या तसे. उद्या गिअर हवेत? डिरेलर टांगायची पट्टी बदला. यात वजन आणि पैसे थोडे जास्त जातात, आणि बोल्ट अधूनमधून तपासावे लागतात. पण खरी ‘ऑल-राउंडर’ फ्रेम म्हणतात ती हीच.

दुकानात जाताय? मग एवढं बघा

* खाच मागे उघडत असेल आणि मडगार्डही लावायचं असेल, तर चाक बाहेर कसं काढायचं ते दुकानदाराला करून दाखवायला सांगा.
* कॅलिपर फ्रेमवर आहे की सरकत्या पट्टीवर? फ्रेमवर असेल, तर त्याची भोकं लांबट आहेत का?
* जुनं ट्रॅकचं चाक लावायचं डोक्यात असेल, तर ते 120 मिलिमीटरचं असतं. डिस्कच्या फ्रेमला बहुधा 135 किंवा त्याहून रुंद हब लागतो.
* चेन ताणली की मागचं चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा, आणि पॅड डिस्कवर पूर्ण टेकतात का ते बघा.

रंग, सीट, हँडलबार कधीही बदलता येतात. फ्रेमला वेल्ड केलेली खाच मात्र बदलता येत नाही. तेव्हा सायकल आवडली की आधी तिच्या मागे जा, आणि खाली वाकून बघा!