गुडघा नवा झाला, मग खुबा का दुखतो?



औशात आमच्या घरी अम्मींचा उजवा गुडघा बदलला, तेव्हा सगळ्यांना वाटले, आता त्रास संपला. लातूरला शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, वॉकर सुटला. दोन महिन्यांनी मात्र अम्मी खुब्यावर हात ठेवून चालू लागल्या. विचारले तर म्हणाल्या, "घुटना तो नया हुआ, पर कुल्हा पुरानाच है ना!" बोलणे हसण्यावारी नेले, पण रात्री त्या कूस बदलताना कण्हत होत्या. शेजारी म्हणू लागले, ऑपरेशन बिघडले. डाव्या गुडघ्याचे नावही काढू नका, असे अम्मींनी सांगून टाकले.

शेवटी आम्ही त्यांना परत डॉक्टरांकडे नेले. तिथे जे समजले, ते आधीच माहीत असते तर अम्मींचे दोन महिने वाया गेले नसते. म्हणून ते इथे लिहीत आहोत.

गुडघा झिजतो तेव्हा माणूस त्या पायावर भार टाकत नाही. वर्षानुवर्षे एका अंगावर कलून चालतो. त्यामुळे खुब्याच्या बाजूचे, चालताना कंबर सरळ धरणारे स्नायू दुबळे होतात. शस्त्रक्रियेने गुडघा बदलतो, हे स्नायू मात्र तसेच राहतात. शिवाय धनुष्यासारखा वाकलेला पाय सरळ झाला की तो थोडा लांब झाल्यासारखा वाटतो. एक गुडघा नवा आणि दुसरा झिजलेला असेल, तर हा फरक जास्तच जाणवतो. अनेकांचे दोन्ही गुडघे एकदम बदलत नाहीत. माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा एक गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर 2000 मध्ये बदलला आणि दुसरा जून 2001 मध्ये. मधल्या काळात चाल सांभाळावी लागते. बहुतेकांचे शरीर काही महिन्यांत नव्या चालीला रुळते. तोवर आपल्या मनाने चपलेत जाड तळवा घालू नये. तो मोजमाप करून डॉक्टरांनीच सांगावा.

दुखणे नेमके कुठे आहे, हे डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. खुब्याच्या बाहेरच्या हाडावर दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर बहुधा तिथल्या स्नायूंच्या टोकांना सूज असते. जांघेत दुखत असेल आणि पाय आत-बाहेर वळवताना कळ येत असेल, तर खुब्याचा सांधाच झिजलेला असू शकतो. त्याचा एक्स-रे काढावा लागतो. या सांध्याची कळ कधी कधी गुडघ्यातही जाणवते. कुल्ल्यापासून पोटरीखाली मुंग्या जात असतील, तर मणक्याची तपासणी हवी.

अम्मींचे दुखणे पहिल्या प्रकारचे निघाले. चूक आमचीही होती. पाहुणे येणे थांबले तसे व्यायामही थांबले. "आराम करा" म्हणत आम्हीच त्यांना पलंगावर बसवून ठेवले होते. फिजिओथेरपिस्टने तीन व्यायाम दिले. पाठीवर झोपून, गुडघे जमतील तेवढे वाकवून, कंबर सावकाश उचलणे. चांगल्या कुशीवर झोपून, पायांमध्ये उशी ठेवून, वरचा पाय सरळ उचलणे. ओट्याला धरून उभे राहून पाय बाजूला नेणे. सुरुवातीला प्रत्येकी दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. कळ वाढली तर थांबायचे आणि विचारायचे. आपल्या घरच्या रुग्णाला कोणते व्यायाम चालतील, हे आधी तपासून घ्यावे.

काही साध्या गोष्टीही कळल्या. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. आम्ही उलट धरायला लावली होती. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा पाय. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. पाठीवर झोपताना मात्र गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही, पाय वाकलेलाच राहतो. भाकरी थापायला जमिनीवर बसण्याचा हट्ट सोडायचा.

वुजूसाठी न्हाणीत पक्के स्टूल ठेवले. पाय धुताना कोणीतरी बधन्याने पाणी ओतते. ओल्या फरशीवर एका पायावर उभे राहणे म्हणजे पडण्याला बोलावणे. नमाज खुर्चीवर सुरू केली, तेव्हा अम्मींच्या डोळ्यांत पाणी आले. सज्दा जमिनीवर होत नाही, ही खंत गुडघ्याच्या कळेपेक्षा मोठी होती. पण आजारी माणसाने उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढावी, असे आपल्या नबी (स.) यांनीच सांगितले आहे. रुकूपेक्षा सज्द्याला थोडे अधिक वाकले म्हणजे झाले. खुर्ची चाके नसलेली, पक्की आणि जरा उंच असावी.

काही वेळा मात्र थांबू नये. पोटरी अचानक सुजली, गरम झाली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. रक्ताची गाठ असू शकते. ताप आला, गुडघा लाल झाला, जखमेतून पाणी आले, किंवा पडल्यावर पायावर भार देता येईना, तरीही लगेच दाखवावे. सुजलेली पोटरी कोणाकडूनही चोळून घेऊ नये. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने देऊ नयेत. मूत्रपिंड, पोट आणि रक्तदाबाला त्या महागात पडतात.

अम्मींचे दुखणे एका आठवड्यात गेले नाही. सहाव्या आठवड्यात रात्रीची झोप लागू लागली. आता असरनंतर त्या काठी घेऊन किल्ल्याच्या रस्त्याने थोडे चालतात. परवा परत आल्यावर खुर्चीत बसता बसता त्यांनीच विचारले, "डाव्या गुडघ्याचे डॉक्टरांना कधी विचारायचे?"

तुमच्या घरातही कोणी वडीलधारी बाई "काही नाही, चालायचेच" म्हणत खुबा दाबत असेल, तर तिच्याजवळ बसा आणि नेमके कुठे दुखते ते विचारा. आमच्या घरी हे विचारायला दोन महिने लागले.