दारूबंदी उठली, रोग्याचे काय?

चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी आली. 2021 मध्ये शासनाने ती उठविली. उठविताना चर्चा झाली ती अवैध विक्रीची आणि बुडालेल्या महसुलाची. व्यसनात अडकलेला श्रमिक त्या हिशेबात कोठेच नव्हता. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, तरी व्यसनी उरलेच. म्हणून 2016 पासून ‘मुक्तिपथ’ला गावोगावी उपचार-शिबिरे भरवावी लागली.

वर्षानुवर्षे पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राण जातो. त्याला आधी औषध हवे. मग गावातलाच, दारू सोडलेला सोबती हवा. डॉक्टरपुढे मिटलेले तोंड त्याच्यापुढे उघडते. दारूवर कर घेणाऱ्या शासनाने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या दोहोंची सोय केली पाहिजे. ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रथम चंद्रपूरच्या जिल्हा परिषदेपुढे रेटावी.